डबा किती दिवस पुरतो?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही पारोळा तालुक्यातले. घरात पाच माणसं: मी, मिस्टर, सासूबाई आणि दोन मुलं. मिस्टरांचं वय ४९, त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दिवाळीनंतर त्यांचा शाळेपासूनचा मित्र ॲटॅकने गेला. त्या धास्तीने ह्यांनी धुळ्याला जाऊन सगळ्या तपासण्या केल्या. बीपी १५२/९६ निघालं, एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) १६४, साखर काठावर. ईसीजी चांगला आला. डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या आणि ‘खाण्याचं सांभाळा’ एवढंच सांगितलं.

तेव्हापासून घरात रोजचं महाभारत. ह्यांनी मोबाईलवर बघून ओट्स आणि ऑलिव्ह ऑइल आणलं. मी त्यांच्यासाठी वेगळं शिजवते, बाकीच्यांसाठी वेगळं. सासूबाई म्हणतात, ‘काय व माय, तेल खाईसन कोन मरनं?’ त्या ७६ वर्षांच्या, ठणठणीत आहेत. आठ दिवस ओट्स खाल्ले की नवव्या दिवशी हे ढाब्यावर शेवभाजी खाऊन येतात. सकाळी उपाशीपोटी आलं-लसूण-लिंबाचा काढा व्हिनेगर घालून घेतात, त्याने ब्लॉकेज उघडतात म्हणे.

आपलं खानदेशी खाणं खरंच इतकं वाईट आहे का? भरीत, खिचडी, वरणबट्टी सगळं बंद करू का? १५ किलोचा तेलाचा डबा आम्हाला दीड महिना जातो, तो जास्त आहे का? आणि हा वेगळा स्वयंपाक किती दिवस करायचा?

(तंबाखू आहे, पण घरात नाही, फक्त दुकानात. बीपीची गोळी महिनाभर घेतली, मोजलं तर नॉर्मल आलं म्हणून बंद केली आहे.)

एक वाचक (कृपया नाव छापू नये)

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा खालून वर वाचलं. दवाखान्यात तीस वर्षं बसून लागलेली सवय आहे. पेशंट पंधरा मिनिटं ॲसिडिटीबद्दल बोलतो, उठतो, दारापर्यंत जातो आणि चप्पल घालता घालता म्हणतो, ‘तसं जिना चढताना छातीत जरा भरून येतं.’ खरी तक्रार ती असते. तुमच्या पत्रात ती कंसात आहे. म्हणून ओट्स आणि भरीत थोडा वेळ बाजूला राहू द्या.

गोळीचं आधी. बीपी नॉर्मल आलं ते गोळी चालू होती म्हणून आलं. हे तुमच्या मिस्टरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल, कारण ते दिवसभर शेतकऱ्यांशीच बोलतात. ठिबक चालू आहे म्हणून केळीच्या बुडाशी ओल आहे. ओल दिसली म्हणून कुणी व्हॉल्व्ह कायमचा बंद केला, तर ते त्याला काय म्हणतील? बीपीची गोळी तशी आहे. ती बीपी बरं करत नाही, ताब्यात ठेवते. वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं सुरू झालं की डोस कमी होऊ शकतो, क्वचित गोळी सुटतेसुद्धा. पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. याच आठवड्यात ज्यांनी गोळी दिली त्यांच्याकडे जाऊन ‘मी मधेच बंद केली होती’ असं स्वच्छ सांगायचं. ते रागावतील, रागावू द्या. लपवलं तर ते समजतील की गोळी लागू पडली नाही, आणि अजून एक वाढवतील. दुसरी गोळी कोलेस्टेरॉलची असावी. तीही बंद केली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते बघा.

आता तंबाखू. ‘फक्त दुकानात’ म्हणजे सकाळी नऊ ते रात्री आठ. झोप आणि जेवण वगळलं तर दिवसाचं उरतंच काय? आपल्याकडे एक ठाम समज आहे की विडी-सिगारेट छातीला वाईट, चुना-तंबाखू फार तर तोंडाला. निकोटिन धुरातून गेलं काय आणि गालातून गेलं काय, रक्तातच उतरतं. नाडी वाढवतं, बीपी चढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात नुसती तंबाखू चघळणाऱ्यांमध्येही हार्ट ॲटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीच्या आसपास निघाला. म्हणजे तुम्ही पहाटे उठून वेगळ्या पातेल्यात ओट्स शिजवता, आणि दुकानाचं शटर वर गेलं की त्याच हृदयावर दहा वेळा चुना मळला जातो.

ती सोडवायची कशी? ओरडून सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तलफ उठते ती काही मिनिटांची असते. तेवढी टळली की उतरते. पहिले तीन-चार दिवस सर्वांत वाईट. चिडचिड होईल, झोप उडेल, गिऱ्हाइकावर आवाज चढेल. म्हणून खरिपाच्या बियाण्यांची गर्दी किंवा लग्नसराई सोडून दिवस निवडा. गल्ल्याच्या खणातली पुडी ज्या जागी असते, नेमकी तिथेच भाजलेली बडीशेप, ओवा, लवंग ठेवा, कारण हात आपोआप तिथे जाणार आहे. शेजारच्या दुकानदाराला सांगून ठेवायला लावा. आपली बहुतेक तंबाखू दुसऱ्याच्या तळहातावरची असते. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत फोन आहे, त्यावर तंबाखू सोडायला मदत करतात. निकोटिनचे च्युइंगगमही मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्यावेत. आणि सासूबाई मशेरी लावत असतील तर तीही तंबाखूच. लेकाला एकट्याला सोडायला सांगून मायने लावत बसायचं, हे टिकत नाही.

ढाब्यावर शेवभाजीसोबत आणखी काही ‘घेतलं’ जातं का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारत नाही, तुम्ही विचारा.

आता डब्याकडे येते. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार कौतुक वाटलं. लोक मला तेलाचा ब्रँड विचारतात; डबा किती दिवस जातो हे कुणी सांगत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराचं जे मार्गदर्शन काढलं, त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेलं आहे. पाच माणसांचे झाले १३५ ग्रॅम. त्या हिशोबाने १५ किलोचा डबा १११ दिवस जायला हवा, म्हणजे साडेतीन महिन्यांच्या वर. तुमचा दीड महिन्यात संपतो. माणशी दिवसाला ६६ ग्रॅम, अडीच पट. मुलं वाढीची असतील, तर त्यांना थोडं जास्त धरा. पाहुणे-रावळे धरा, देवाचा दिवा धरा. तरी दीड महिना हा आकडा बसत नाही. यात तूप अजून मोजलेलंच नाही, आणि बाहेरचं शेव-फरसाणही नाही.

सासूबाईंना एक प्रश्न विचारा, पण वाद म्हणून नको, गप्पांत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा महिन्याला घरात तेल किती यायचं? माझ्या आजीकडे तेल एका चिनी मातीच्या बरणीत असे आणि पळी तिच्या हातात. सुनांनी मागायचं, तिने घालायचं. तळण आखाजीला, पोळ्याला, दिवाळीला. सांजोऱ्या झाल्या की कढई पुन्हा वर. एरवी भाकरी, मठाची नाहीतर उडदाची आमटी, ठेचा, कांदा. ‘तेल खाईसन कोन मरनं’ हे त्यांचं बरोबरच आहे, कारण त्यांच्या तारुण्यात आजच्याएवढं तेल खाल्लं कुणी? आणि जे काही खाल्लं ते विहिरीचं पाणी ओढून, जात्यावर दळून, रानात निंदणी करून जिरवलं. त्यांचा मुलगा शेतात जातो तो मोटारसायकलवर, बांधापर्यंत.

तेव्हा खानदेशी जेवण वाईट आहे का? नाही. वाईट झालंय ते त्याचं ढाबा-रूप, आणि तेच आपण आता घरीही करायला लागलोय. वरच्या तर्रीवरून भाजीची परीक्षा करतो. तर्री आली नाही तर पाहुणा काय म्हणेल?

खिचडीचं उदाहरण घ्या. आपल्याकडे गरम खिचडीवर शेंगदाण्याच्या तेलाची धार नसेल तर ती खिचडीच नाही. माझ्या घरीही तसंच होतं. एकदा मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रिकामी वाटी ठेवली, डोळे मिटून नेहमीसारखी धार धरली आणि काटा बघितला. २४ ग्रॅम. दिवसभराचा वाटा एका धारेत, आणि फोडणीचं, तळलेल्या पापडाचं वेगळंच. तुम्ही हा प्रयोग मिस्टरांच्या हाताने करवून घ्या. मी सांगून जे होणार नाही ते तो काटा करेल. आता आमच्याकडे खिचडीवर एक छोटा चमचा तेल आणि बाजूला वाटीभर कढी. पहिले पंधरा दिवस घशाखाली उतरली नाही, खोटं कशाला सांगू. मग सवय झाली.

तुम्ही करायचं ते असं: डब्यातून थेट कढईत ओतणं बंद. दर सोमवारी डब्यातून आठवड्याचं तेल बाटलीत काढायचं आणि रविवारपर्यंत तेवढंच पुरवायचं. आत्ता तुम्हाला आठवड्याला अडीच लिटर लागतंय. पहिला महिना दोन लिटर काढा, पुढचा महिना दीड. पाच माणसांना एक लिटरच्या आसपास आलात की झालं. एकदम उतरू नका. जिभेला सहा-आठ आठवडे लागतात, आणि एकदम उतरलात की नववा दिवस येतोच, ढाब्याचा. डब्यावर फोडल्याची तारीख पेनने लिहा. माझ्या दृष्टीने तुमच्या घरातला सगळ्यांत कामाचा रिपोर्ट तोच.

तेल कुठलं? शेंगदाण्याचं चालू आहे ना, चालू द्या. त्यातली निम्म्याच्या आसपास चरबी ऑलिव्ह तेलात असते त्याच जातीची असते. मधून करडई किंवा सोयाबीन आणलंत तर उत्तम. ऑलिव्हची बाटली संपवा आणि पुन्हा आणू नका, आपल्या फोडणीला तिचा उपयोग नाही, आणि त्या पैशांत महिन्याची भाजी येईल. डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. कोलेस्टेरॉल कुठल्याच वनस्पती-तेलात लक्षात घेण्याएवढं नसतं. लाकडी घाण्याचं तेल चवीला छान, पण तेही तेलच, ग्रॅमला नऊ कॅलरी. तूप वरणावर एक छोटा चमचा, त्याहून नको. डालडा मात्र घरातून बाहेर.

वरणबट्टीत खरा घोटाळा दोनदा होतो: बट्टी वाफवून पुन्हा तळायची आणि वर तूप ओतायचं. वाफवलेली बट्टी आप्पेपात्रात थेंबभर तेलावर खरपूस भाजा. तुकडे करून घट्ट वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी घ्या, तूप चमचाभर. फरक कळेल, नाही असं म्हणत नाही, पण आठवड्यातल्या एका रविवारी तो सोसवतो.

भरताबद्दल मात्र मी हळवी आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यावर तरंगणाऱ्या तेलाला नाही. हिरवं-पांढरं वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं, लाकडी भांड्यात मिरची-लसणासोबत ठेचलं, भरपूर कांद्याची पात घातली, तर त्याला चव तेलाने येते की धुराने? चार वांग्यांना दोन चमचे फोडणी पुष्कळ झाली. शेंगदाणे घालाच, मूठभर शेंगदाणे हृदयाला चांगले, खारे-तळलेले सोडून. आणि सोबत पुऱ्या नकोत, कळण्याची भाकरी. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असेल तर पुरीवाल्या पंगतीत बसून भाकरी मागायला लाज वाटू द्यायची नाही. आजकाल भाकरीच जास्त मागतात लोक.

कळणा हा तर आपला ओट्स आहे. ज्वारी आणि अख्खे उडीद. ओट्समध्ये कोलेस्टेरॉल थोडं उतरवणारा जो विरघळणारा चोथा असतो, तसा चोथा उडीद, मठ, कुळीथ, हरभऱ्यातही आहे. मिस्टरांना ओट्स आवडत असतील तर खावेत, वाईट काही नाही. पण नाक मुरडत खाऊन नवव्या दिवशी सूड उगवायचा असेल, तर त्यापेक्षा रोज रात्री कळण्याची भाकरी आणि गिलक्याची नाहीतर मेथीची भाजी बरी. एक सांभाळा: कळणा दळतानाच त्यात मीठ टाकायची पद्धत आहे. ते मीठ टाकू नका. आत आहे हे विसरून आपण वर भाजीतही पूर्ण मीठ घालतो.

सासूबाईंना फुणके येत असतीलच. भिजवलेली डाळ जाडसर वाटून, कांद्याची पात घालून वाफवायची, आणि कढीसोबत. याहून चांगलं हृदयाचं जेवण कुठला आहारतज्ज्ञ लिहून देईल? पातोडीचंही तसंच. शेवभाजीचा तोच काळ्या मसाल्याचा रस्सा घ्या, त्यात शेवेऐवजी बेसन शिजवून थापलेल्या वड्या सोडा. तळण गेलं, चव राहिली. हे दोन पदार्थ आठवड्यातून एकेकदा करायला सासूबाईंना सांगा. त्यांच्या हातचं कमी होत नाहीये, उलट परत येतंय, असं वाटलं की घरातलं निम्मं महाभारत मिटेल. आत्ता त्यांना वाटतंय की त्यांच्या आयुष्यभराच्या चुलीला सूनबाईने आणि मोबाईलने मिळून नावं ठेवली.

ढाब्याची शेवभाजी महिन्यातून एकदा. तिथे काय होतं ते माहीत असू द्या. शेव तळलेली, ती घरगुती नव्हे तर दिवसभर तापणाऱ्या कढईतली. स्वस्त म्हणून बऱ्याच ठिकाणी पामतेल, ज्यात निम्मी चरबी संपृक्त, म्हणजे एलडीएल वाढवणारी. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात नको ते पदार्थ तयार होतात. तळणीचं तेल कधी फेकायचं, याची मर्यादा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून ठरवून दिलेली आहे. हायवेवरच्या कढईजवळ उभं राहून ती कोण मोजतं? गेलंच तर तर्री चमच्याने बाजूला काढायची, शेव एकदाच घ्यायची, सोबत भाकरी सांगायची. आणि घरी येऊन ‘काही नाही खाल्लं’ म्हणायचं नाही. तुम्हीही चौकशी आयोग बसवू नका.

मीठ. इथे आपण खानदेशी लोक तेलाइतकेच गुन्हेगार आहोत, फक्त ते दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, सगळं मिळून एक सपाट छोटा चमचा. पाच माणसांचा किलोचा पुडा ४० दिवस जायला हवा, आणि पापड-लोणच्यातलं, शेव-फरसाण-बिस्किटातलं मीठ पुड्यात मोजलं जात नाही, म्हणून खरं तर त्याहून जास्त. पुड्यावरही तारीख लिहा. उन्हाळ्यात गच्चीवर उडदाचे पापड, नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे वाळत पडतात, आमच्याकडेही पडतात. त्यात मीठ आहेच, शिवाय पापडखार. तो खारट लागत नाही, पण सोडियम त्यातही आहे आणि बीपीला सोडियमशी मतलब. ताटात रोज दोन पापड, एक फोड लोणचं, ठेचा आणि वरून ‘जरा मीठ द्या’, मग गोळी तरी काय करेल? पापड आठवड्यातून दोनदा, भाजलेला. मीठदाणी पंगतीतून उचला. सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही, तेही बहुतेक सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमवालं मीठ बाजारात आहे, त्यात पोटॅशियम असतं. ते चालेल, पण आधी किडनीची तपासणी आणि बीपीची गोळी कुठली आहे हे डॉक्टरांना दाखवून. काही बीपीच्या गोळ्यांसोबत पोटॅशियम अंगात साठतं.

पोटॅशियम म्हटलं की केळी आलीच. आपल्या जिल्ह्यांत राहून केळी खाऊ नका असं मी कशी सांगू? किडनी चांगली असेल तर रोज एक खावं. साखर काठावर आहे म्हणून एकच, आणि जेवणानंतर लगेच नको. वेफर्स म्हणजे केळी नव्हेत.

काढा बंद. नळीत साठलेला थर आल्या-लसणाने आणि व्हिनेगरने विरघळत नाही. विरघळला असता तर मी पहिली दुकान टाकून बसले असते. उपाशीपोटी आम्ल जाऊन जळजळ होईल, आणि मग छातीतली जळजळ कशाची हे ओळखता येणार नाही. लसूण चटणीत खा, जवसाच्या चटणीत घातला तर दोन्ही कामाचं.

चालणं तुम्ही विचारलं नाही, पण दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला ते टळत नाही. आठवड्याला १५० मिनिटं, थोडा दम लागेल पण बोलता येईल अशा चालीने. पाच दिवस अर्धा तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा सकाळी सातच्या आत. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, त्यात उन्हात चालला तर चक्कर येऊन पडेल. कमरेला टेप लावून बघा. आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांना ८०. पँटचा नंबर मोजायचा नाही, ती पोटाखाली बांधतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, मुलांनाही. ईसीजी चांगला आला याचा अर्थ त्या दिवशी, त्या मिनिटाला हृदय ठीक होतं, इतकाच. छातीत दाब, आवळल्यासारखं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक दम. यापैकी काही पाच मिनिटांहून जास्त राहिलं तर सोडा पाजायचा नाही, ओवा चोळायचा नाही, ‘गॅस आहे, झोप जरा’ म्हणायचं नाही. माझ्या पाहण्यातले जे लोक उशिरा पोचले, त्यातले बहुतेक गॅसवर उशिरा पोचले. त्याने स्वतः गाडी चालवायची नाही. १०८ ला फोन, किंवा गल्लीतल्या ज्याची गाडी दारात उभी असते त्याला हाक. तुम्हाला धुळं जवळ पडतं. तिथे कुठल्या दवाखान्यात अँजिओप्लास्टीची (हृदयाची बंद नळी फुग्याने उघडण्याची) सोय रात्रीही असते आणि महात्मा फुले योजना कुठे चालते, हे आजच विचारून फोनजवळ लिहून ठेवा. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत. आपल्याकडच्या माणसांना पहिला झटका इतर देशांच्या मानाने पाच-सहा वर्षं आधी येतो, त्यामुळे ४९ हे वय लहान नाही.

आणि वेगळा स्वयंपाक? उद्यापासून बंद करा. तुमच्या कष्टांसाठी तर म्हणतेच, पण त्याहून मोठं कारण आहे. दोन चुली असल्या की त्यांच्या ताटातलं ते ‘पेशंटचं’ आणि बाकीच्यांचं ते ‘खरं जेवण’ असं होतं. मुलगा खरं जेवण जेवत मोठा होतो आणि वीस वर्षांनी त्याच्या बायकोला असंच पत्र लिहावं लागतं. एकच कढई, एकच बाटली, सगळ्यांना तेच. सासूबाईंना वयामुळे भूक कमी असेल तर त्यांच्या वाटीत चमचाभर तूप जास्त घाला, बाकी काही वेगळं नको.

बीपीचं मशीन घ्या, दंडाला पट्टा बांधायचं; मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सात दिवस, वहीत लिहून. घरचा आकडा १३५/८५ च्या खाली हवा. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

आता शेवटचं. तुमच्या पत्रात मिस्टरांचं बीपी आहे, एलडीएल आहे, साखर आहे. सासूबाईंचं वय आहे. मुलं किती, तेही आहे. दोन स्वयंपाक करणाऱ्या बाईचा एकही आकडा नाही, वयसुद्धा नाही. पट्टा त्यांच्या दंडावरून सुटला की लगेच तुमच्या दंडाला बांधा. वहीत दोन रकाने करा. पुढच्या पत्रात मला दुसरा रकाना आधी लिहून पाठवा, आणि डबा कितव्या दिवशी संपला तेही.